अकरा चिंचोके

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत इतकी वर्षं एका डब्यात जेवलो त्या सोबत्याला नाही, आईला तर नाहीच — ती गेली तेव्हाही हे माझ्या पोटातच होतं. आता सांगतो आहे ते मन हलकं करायला नाही. ते हलकं व्हावं असं मला वाटतच नाही. तुम्ही वाचा. आणि वाचून झाल्यावर "जाऊ द्या हो, होतं असं माणसाकडून" असं म्हणावंसं वाटलं, तर ते तुमच्यापाशीच ठेवा. मला नको आहे.

चंद्रपूरला माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक लोखंडाचा तुकडा आहे. वीतभर उंच, खाली निमुळता, दोन्ही अंगांना पितळी कडं. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? मी सांगतो, जुन्या गेट व्हॉल्व्हच्या आतलं गेट. बस, एवढंच. पुढे कोणी विचारत नाही — लोखंडाला पुढे काय विचारणार?

पाण्याच्या योजनांवर नव्याने लागलेल्या पोरापोरींना मी व्हॉल्व्ह कसा निवडायचा ते शिकवतो. चांगलं शिकवतो म्हणतात. मी तो तुकडा उचलून दाखवतो आणि सांगतो, पाहा, गेट व्हॉल्व्हला दोनच गोष्टी येतात. पूर्ण उघडणं आणि पूर्ण बंद होणं. मधलं त्याला काही येत नाही. अर्धवट उघडा ठेवला की पाणी याच्या खालच्या कडेवर आपटत राहतं, हे आत थरथरत राहतं, झिजत राहतं, आणि एक दिवस दांड्यावरून सुटून खाली पडतं. मग वरचं चाक फिरवा कितीही. फेरे पूर्ण होतात, दांडा फिरतो, गेट मात्र खालीच. बाहेरून पाहणाऱ्याला व्हॉल्व्ह उघडा, आतून बंद. म्हणून पाणी मापात सोडायचं असेल तिथे ग्लोब व्हॉल्व्ह घ्या, दुसरा कोणता घ्या, पण हा घेऊ नका. "एका ठिकाणी असं झालं होतं," असंही मी सांगतो.

एका ठिकाणी! जसं काही त्या ठिकाणाशी माझा संबंधच नाही.

ते ठिकाण नागभीडच्या पुढे, जंगलाला अगदी लागून. नाव लिहीत नाही, कारण त्या गावाने काही केलेलं नाही. केलं ते मी. मोठं गाव वर, आणि उतारावर नाल्याच्या अंगाला पस्तीस-चाळीस घरांचा टोला. गावात धानाची शेती करणारी सगळ्या जातींची घरं, टोल्यात सगळी गोंड घरं. टेकडीवर टाकी, टाकीतून निघालेली पाइपलाइन एका चेंबरपाशी दोन वाटांनी फुटते — एक गावाला, एक टोल्याला. ती योजना उभी करणाऱ्या ठेकेदाराकडे मी साइट इंजिनीअर होतो. कुठे कोणता व्हॉल्व्ह बसवायचा, ती यादी माझ्या हातची.

आता ऐका. त्या फाट्यावर गेट व्हॉल्व्ह चालणार नाही हे मला यादी करतानाच माहीत होतं. टोला खाली, गाव वर. टोल्याकडचं पाणी आवरून धरावं लागणार हे शेंबडं पोरही सांगेल. तरी मी सगळीकडे एकच शब्द लिहिला — गेट, गेट, गेट. का? वेगळा व्हॉल्व्ह लिहिला असता तर नकाशा पुन्हा मंजुरीला गेला असता, उन्हाळा तोंडावर होता, वगैरे वगैरे. ही सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली. खरं कारण आळस. एक ओळ बदलायचा आळस.

आणि झालंही तसंच. पाणी सुरू झालं, टोल्याच्या नळांना भसाभसा, गावाच्या नळांना करंगळीएवढी धार. ग्रामसभा बसली. त्या सभेची मला आजही कौतुकाने आठवण येते, कारण कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही. दोन तास बोलून त्यांनी ठरवलं की टोल्याचा व्हॉल्व्ह कायम अर्धाच उघडायचा. बावीस फेऱ्यांचं चाक, अकराच फेरे. म्हणजे दोघांनाही बरोबर. किती शहाणा निवाडा! आणि किती चुकीचा — पण ते त्यांना कसं कळणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तेव्हा सांगता आलं असतं. "असा अर्धा नाही चालत, मी दुसरा बसवून देतो." एवढंच बोलायचं होतं. पण मग कोणीतरी विचारलं असतं, पहिलाच काऊन नाही बसवला?

व्हॉल्व्हचं काम टोल्यातल्या तानीबाईकडे दिलं गेलं. चाळिशीची बाई, नवरा नाही, एक मुलगी. संध्याकाळी टाकी भरावी म्हणून टोल्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, सकाळी अकरा फेरे उघडायचा. तिने पहिल्याच दिवशी पदराच्या गाठीतून चिंचोके काढले. अकरा. डाव्या मुठीत धरायची, एक फेरा झाला की एक चिंचोका चेंबरच्या काठावर ठेवायची. मूठ रिकामी झाली की हात थांबला. मी हसलो होतो. म्हटलं, "बाई, अकरापर्यंत तर मोजता येते न तुले?"

ती म्हणाली, "येते न साहेब. पन मोजता मोजता मन कुठी बी जाते. चिंचोका नाई जात."

दोन वर्षं ती हे करत राहिली. एक दिवसही खाडा नाही. पावसात, थंडीत, चेंबरपाशी वाघाचे पाय उमटले होते त्या आठवड्यातसुद्धा — तेव्हा फक्त थाळी वाजवत जायची. मधे एकदा मी देखभालीला गेलो तर तिने मला मुद्दाम चेंबरपाशी नेलं. "वाल थरथरून राह्यला साहेब. हात लावला का मुंग्या येतेत. आंधी असा नव्हता." मी हात लावला. खरंच मुंग्या आल्या. आत गेट हलत होतं, झिजत होतं, पुस्तकात लिहिलंय अगदी तसं. मी तिला काय म्हटलं सांगू? "पाणी चालू असलं की आवाज येणारच बाई." आणि गाडीत बसलो.

त्यानंतरच्या चैत्रात टोल्याचं पाणी गेलं. एकाएकी. सकाळी तानीबाईने चाक फिरवलं, अकरा चिंचोके काठावर मांडले, आणि खाली नळांना थेंब नाही. गावाच्या नळांना मात्र कधी नव्हे एवढं पाणी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिने घाबरून पूर्ण बावीस फेरे उघडून पाहिलं. तरी तेच. बायका पुन्हा पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरे खणायला लागल्या. आणि नेमकं त्याच महिन्यात तानीबाईच्या मुलीला मोठ्या गावच्या अंगणवाडीत काम लागलं होतं. लोकांनी या दोन्हींचा मेळ घातला — मुलीच्या कामाच्या बदल्यात हिने टोल्याचं पाणी गावाला सोडलं. कोणीही घातला असता.

मला बोलावणं आलं. मी आधी चेंबरपाशी गेलो, सोबत टोल्यातले पाच-सहा जण, आणि तानीबाई. मी वाकलो, चाक धरलं, फिरवलं. पहिल्याच फेऱ्यात कळलं. चाक हलकं होतं — ज्यांनी आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवले त्यांना हे सांगावं लागत नाही. आत काहीतरी उचललं जातं त्याचं ओझं हाताला लागतं. ते नव्हतं. गेट सुटून खाली पडलं होतं. मी बावीस फेरे पूर्ण केले. का केले? वेळ काढायला. खाली पाहत राहता यावं म्हणून. टाकी तोवर रिकामी झालेली, त्यामुळे नळांवरून कोणाला काही कळणार नव्हतं.

तिथून सगळे सभेला आले. समाजमंदिरासमोर सतरंजी टाकलेली. मला खुर्ची दिली. तानीबाई मधे आली आणि तिने गाठ सोडून चिंचोके सतरंजीवर ओतले. "हे पाहा, अकरा. रोज अकरा. मोजून घ्या. म्या एक फेरा बी कमी केला नाई." दोन-तीन जण हसले. चिंचोके काय साक्ष देणार? तिचा स्वतःचा दीर उठला, लच्चूभाऊ, टोल्यातला मोठा माणूस. तो हसला नाही. तो माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाला, "साहेब, आमी अडानी लोक. तुमी चाक फिरवून पाह्यलं. तुमी सांगान तेच आमी मानू. वाल बिघडला हाय का?"

हीच ती जागा. इथवर यायला मला बारा वर्षं लागली आणि आत्ता इतके परिच्छेद लागले.

मी म्हणालो, "वॉल ठीक आहे."

बस. तीन शब्द. आवाजही चढवला नाही. तानीबाईवर आरोप केला नाही, तिचं नावसुद्धा घेतलं नाही — आणि त्याचंच मला पुढे कितीतरी दिवस समाधान होतं, हे ऐका! मी स्वतःला सांगायचो की मी तर फक्त व्हॉल्व्हबद्दल बोललो. जसं काही व्हॉल्व्ह ठीक म्हटल्यावर दुसरं कोणी खोटं ठरायचं उरलं होतं.

तिने चिंचोके एकेक करून वेचले, पुन्हा गाठीत बांधले आणि गेली. काम त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेलं, तो दोन दिवसांनी चाक हाती घेणार होता.

आणि याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी मी फिटरला घेऊन गेलो, भर दुपारी, टोल्यातली माणसं जंगलात गेलेली असताना. जुना व्हॉल्व्ह उतरवला. फिटरने तो उपडा केला तसं गेट टणकन् खाली पडलं. त्याने गेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विडी पेटवली. मी नवा व्हॉल्व्ह बसवला — या वेळी बरोबर, ग्लोब — त्याच निळ्या रंगाचा, पाहणाऱ्याला फरक कळू नये असा. लोकांना सांगितलं, चेंबर साफ करून वरून रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या माणसाने चाक फिरवलं आणि टोल्याच्या नळांना पाणी आलं.

कळतंय का काय झालं ते? लोकांच्या लेखी व्हॉल्व्ह तोच, चाक तेच, हात फक्त बदलला — आणि पाणी आलं. तोवर टोल्यात निदान दोन घरं म्हणत होती की तानीबाई असं करणार नाही. पाणी आलं त्या सकाळी तीही गप्प झाली. मी केलेल्या दुरुस्तीनेच तिच्यावर शिक्का मारला. मी पाणी दिलं आणि त्याच पाण्याने तिच्या तोंडाला काळं फासलं.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला माणूस एकटा जात नाही. पहाटे चार-चार, सहा-सहा घरं मिळून जातात, आवाज देत राहतात, कारण वाकून वेचणारं माणूस पाठीमागून वाघाला जनावरासारखंच दिसतं. त्या चैत्रापासून तानीबाईला कोणी सोबत नेलं नाही. भांडले नाहीत, शिवी दिली नाही. फक्त निघताना तिच्या दारावरून हाक न देता पुढे गेले. ती एकटी जात राहिली. दर वर्षी, वाकून, एकटी. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. कळल्यावर मी काय केलं? काही नाही. वाघाने तिला काही केलं नाही. मग त्या वाघाचे आभार मानू का? की त्याने मला वाचवलं म्हणू? आमच्या दोघांत शहाणा कोण होता ते तुम्हीच पाहा.

आता तुम्ही माझ्यासाठी कारणं शोधायला लागला असाल. मलाही येतात शोधता. मी आमच्या घरातला पहिला इंजिनीअर. दीक्षा घेतलेल्या आजोबांचा नातू, बापाने दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवून शिकवलेला. आमच्यासारख्याची एक चूक झाली की दहा जण म्हणायला टपलेले — पाहा, म्हटलं नव्हतं? हे खरं आहे. अगदी खरं आहे. पण त्याची ढाल मी करणार नाही. ज्या घरात मला अक्षराआधी पाण्याची गोष्ट सांगितली गेली, पाण्याला हात लावायला माणसांनी काय काय सोसलं ते सांगितलं गेलं, त्या घरातला मी. मला तर हे कोणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. आणि कळतही होतं. मी अडाणी नव्हतो. मी भित्रा होतो.

यंदाच्या चैत्रात मी त्या टोल्यात गेलो. कामासाठी नाही. सहज गेलो असं म्हणणार होतो, पण खोटं पुरे झालं — तिला पाहायला गेलो. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, ती काडीने उलटी-पालटी करत होती. केस पांढरे झालेले. मला पाहून उठली, बाज टाकली, पाणी दिलं. नळ तिच्या दारात आहे, पण पाणी तिने बोअरिंगवरून भरून आणलेल्या पितळी गुंडीतून दिलं. बारा वर्षांत तिने त्या नळाला हात लावलेला नाही.

मी गुंडीकडे पाहत बसलो. म्हटलं, "बाई, तो वॉल—"

"मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"वाल बिघडला होता. अन् तुमाले बी मालूम होतं." आवाजात राग नव्हता. फुलं उलटी करणं थांबलं नव्हतं. "सगळे चाकाकडं पाहून राह्यले होते. मी तुमच्या हाताकडं पाहून राह्यली होती. दोन वर्षं रोज फिरवलं न म्या ते चाक. पहिल्याच फेऱ्यात तुमचा हात थबकला."

बारा वर्षं मी समजत होतो की ही गोष्ट त्या फिटरशिवाय जगात मला एकट्याला ठाऊक आहे. जिला ठाऊक नसावी असं वाटत होतं, तिलाच पहिल्या मिनिटापासून ठाऊक होती. मी खुर्चीवर बसून "वॉल ठीक आहे" म्हणालो तेव्हा ती माझं खोटं खोटं म्हणूनच ऐकत होती, आणि चिंचोके वेचत होती. मला लाज वाटली. अशी लाज की उठून पळावं.

"मग तू तेव्हा बोलली काऊन नाही?"

"बोलली न. सगळ्यात आंधी मीच बोलली. अकरा हायेत म्हनलं. तुमी नाई बोलले."

मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. "आता सांगू का सगळ्यांना? तू म्हणशील तर सांगतो."

तेव्हा तिने पहिल्यांदा काडी खाली ठेवली. माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले काऊन विचारता साहेब? म्या खरं सांगतलं तवा तुमाले विचारून नाई सांगतलं."

परतीच्या वाटेवर एवढं समजलं की मी तिच्याकडून परवानगी मागत नव्हतो, सुटका मागत होतो. ती "राहू द्या" म्हणेल आणि मी मोकळा होईन — ही माझी आशा होती. साठीकडे झुकलेल्या त्या बाईच्या अंगणात बसून मी पुन्हा एकदा माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायला निघालो होतो.

तर आता विचारणं बंद. सोबतचे दोघे-तिघे म्हणतील, जुनी मढी कशाला उकरतोस, व्हॉल्व्ह बदलून दिलास ना, पाणी येतंय ना. येतंय. त्या पाण्यासोबत रोज सकाळी एक खोटंही येतंय, आणि ते माझ्या हातचं आहे. नोकरीचं काय, नावाचं काय, शिकवायला बोलावतील का — जे व्हायचं ते होवो. ते नाव मी "वॉल ठीक आहे" म्हणून कमावलेलं आहे. गेलं तर गेलं.

येत्या ग्रामसभेच्या नोटिशीत शेवटी असतं — ऐनवेळी येणारे विषय. त्यात मी उभा राहणार आहे. मी सरपंचाला विचारलेलं नाही, लच्चूभाऊला विचारलेलं नाही, तानीबाईला कळवलेलं नाही. ती आली तर येईल, नाही आली तर तिच्या अंगणातली फुलं वाळत राहतील. खुर्ची देतील, ती घेणार नाही. टेबलावरचा तुकडा मी पिशवीत घातलेला आहे. तो त्याच सतरंजीवर ठेवीन, जिथे तिने चिंचोके ओतले होते, आणि लच्चूभाऊने बारा वर्षांपूर्वी हात जोडून जे विचारलं त्याचं उत्तर देईन.

बिघडला होता. अकरा फेरे पूर्ण होते. मला माहीत होतं.